साध्या किनाऱ्याच्या बाजूने

फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात तूक नावाची एक लहानशी नदी समुद्राला मिळते. तिच्या एका काठावर त्रूव्हिल, दुसऱ्या काठावर दोव्हिल. दोन्ही गावांना रेल्वे स्टेशन एकच, आणि त्याच्या नावात दोन्ही गावं जोडलेली. त्रूव्हिल मुळात मासेमारांचं. पुढे तिथे चित्रकार आले, बंगले आले, कॅसिनोही आला, पण नदीकाठचा मासळीबाजार हलला नाही. दोव्हिलचा जन्म मात्र कागदावर झाला. १८६० च्या सुमारास तिसऱ्या नेपोलियनचा सावत्र भाऊ ड्यूक द मोर्नी यानं पलीकडच्या दलदलीवर श्रीमंतांसाठी नगर आखलं. सरळ रस्ते, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, मोठाली हॉटेलं. १९२० च्या दशकात किनाऱ्यालगत लाकडी फळ्यांचा लांबलचक रस्ता झाला. त्याच्या कडेच्या, कपडे बदलायच्या खोल्यांवर आज हॉलिवूडच्या नटनट्यांची नावं लिहिलेली दिसतात.

समुद्र मात्र दोघांचा एकच. भरती दोन्हीकडे एकाच घटकेला येते आणि ओहोटीला दोन्हीकडची वाळू सारखीच लांबवर उघडी पडते. मग उंची गावातल्या चार दिवसांसाठी आपण जे जास्तीचे पैसे मोजतो, ते नेमके कशाचे? खोली मोठी, चादर शुभ्र, नोकर तत्पर, हे खरं. पण एवढं कुठल्याही शहरातल्या चांगल्या हॉटेलात मिळतं. किनाऱ्यावरच्या महाग गावात त्याहून वेगळी एक गोष्ट विकायला असते, ती म्हणजे इतर माणसांपासूनचं अंतर. गर्दी नाही, गोंगाट नाही, अनोळखी पोरांचा चेंडू आपल्या चटईवर येऊन पडणार नाही. असं अंतर विकायचं तर कुणाला तरी लांब ठेवावंच लागतं. आणि ज्याला लांब ठेवलं जातं, त्याला समुद्राची गरज आपल्यापेक्षा कमी असते असं नाही. बहुतेक वेळा जास्तच असते.

म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीला साध्या गावी जावं, हे माझं म्हणणं केवळ खर्च वाचवण्यापुरतं नाही. ज्यांची ऐपत आहे त्यांनीही तिथेच जावं असं मला वाटतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अशी गावं सार्वजनिक बागेसारखी, ग्रंथालयासारखी सर्वांच्या पैशातून राखली जावीत.

समुद्रस्नानाची आवड मुळात वरच्या थरातून आली. १७५० मध्ये इंग्लंडमधल्या डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राचं पाणी ग्रंथींच्या विकारांवर गुणकारी असल्याचं लिहिलं आणि ऐपतदार रोगी ब्रायटन या समुद्रकाठच्या गावाकडे वळले. १७८३ मध्ये युवराज, म्हणजे पुढचा राजा चौथा जॉर्ज, तिथे पहिल्यांदा आला आणि पुढे त्यानं तिथे घुमटांचा राजवाडाच बांधला. मग १८४१ मध्ये लंडनहून ब्रायटनला आगगाडी आली. तिच्याबरोबर कारकून आले, दुकानदार आले, कामगार आले. व्हिक्टोरिया राणीला ती गर्दी सोसेना. तिनं आइल ऑफ वाइट बेटावर ऑस्बोर्नची मालमत्ता घेतली, तिथे स्वतःचा खासगी किनारा राखला, आणि १८५० मध्ये ब्रायटनचा राजवाडा गावाला विकून टाकला. सामान्य माणूस किनाऱ्यावर पोचला की उंची वर्गानं पुढच्या, आणखी अवघड जागी सरकायचं, ही चाल तेव्हापासून आजपर्यंत बदललेली नाही.

त्याच काळात उत्तरेकडे ब्लॅकपूल उभं राहत होतं. १८४६ मध्ये तिथे रेल्वे पोचली. लँकेशरच्या सूतगिरण्या उन्हाळ्यात आठवडाभर बंद राहत, एका गावच्या एका आठवड्यात, शेजारच्या गावच्या पुढच्या आठवड्यात. त्या सुट्टीत अख्खं गाव उठून समुद्रावर जाई. वर्षभर यंत्रांच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या बाईला सात दिवस वारा खायला मिळे. १८८५ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर विजेची ट्राम धावू लागली आणि १८९४ मध्ये तिथला मनोरा उभा राहिला. हा सगळा थाट कामगारांच्या खिशातल्या नाण्यांवर चालला होता. पण त्या सात दिवसांचा पगार बहुतेकांना मिळत नसे, त्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकावे लागत. फ्रान्समध्ये १९३६ साली लेओं ब्लुम यांच्या सरकारनं दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानं दिली आणि सुट्टीवर निघणाऱ्या कामगारांना रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलत ठेवली. ब्रिटनमध्ये १९३८ च्या कायद्यानं काही धंद्यांतल्या कामगारांना आठवडाभराच्या भरपगारी रजेची वाट मोकळी केली, सर्वांना हक्क मात्र दिला नाही. साध्या किनारी गावाला ‘स्वस्त पर्याय’ म्हणणं मला खटकतं ते यामुळेच. कामगारांच्या लढ्यानं जे मिळवलं त्यातला हा एक मोठा वाटा आहे.

महाग गावांचं जे चांगलं आहे ते नाकारून चालणार नाही. तिथे वाळूच्या टेकड्यांवर कुणी गाड्या घालत नाही. इमारती आटोक्यात असतात. रात्री लाटांचा आवाज ऐकू येतो. थकलेल्या माणसाला शांतता हवी असते आणि तिची किंमत मोजायला तो तयार असतो, यात गैर काही नाही. महाग हॉटेलांबद्दल माझी तक्रारही नाही. तक्रार आहे ती वाळूला कुंपण पडतं त्याबद्दल. आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, याचे पुरावे आहेत.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातलं न्यूपोर्ट घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे अब्जाधीशांनी कड्यावर महाल बांधले. व्हँडरबिल्ट घराण्याचा ‘द ब्रेकर्स’ हा त्यांतला सर्वात भव्य, १८९५ सालचा. या महालांची हिरवळ आणि समुद्र यांच्या मधून साडेपाच किलोमीटरची एक पायवाट जाते, आणि ती सर्वांना खुली आहे. किनाऱ्यावर येण्याजाण्याचा लोकांचा हक्क तिथे वसाहतीच्या काळापासून मानला गेला होता. मालकांनी झाडं लावून, भिंती घालून वाट अडवायचे प्रयत्न केले, पण ती मोडली नाही.

पलीकडच्या किनाऱ्यावर ओरेगन राज्यातली गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. १९१३ मध्ये गव्हर्नर ऑस्वल्ड वेस्ट यांच्या पुढाकारानं भरती-ओहोटीच्या मधली ओली वाळू सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर झाली होती, आणि खरंच त्या वाळूवरून गाड्या चालत. कोरड्या वाळूचं मात्र कुणी काही ठरवलं नव्हतं. १९६६ मध्ये कॅनन बीच इथल्या एका मोटेलमालकानं आपल्या पाहुण्यांसाठी कोरड्या वाळूचा पट्टा ओंडक्यांनी अडवला आणि बाहेरच्यांना उठवायला सुरुवात केली. लोक खवळले. १९६७ मध्ये गव्हर्नर टॉम मकॉल यांच्या काळात कायदा झाला आणि जिथे झाडोरा सुरू होतो तिथपर्यंतची वाळू वापरण्याचा लोकांचा हक्क मान्य झाला. मालक न्यायालयात गेला. १९६९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला, आणि त्याचा आधार होता वहिवाट. माणसं या वाळूवर पूर्वापार येत आली आहेत, बसत आली आहेत, म्हणून ती येत राहतील. आज कॅनन बीच महागड्या गावांत मोडतं. तिथली खोली सगळ्यांना परवडत नाही, पण तिथल्या वाळूवर कुणालाही बसता येतं. उंची गावाकडून माझी अपेक्षा एवढीच आहे.

ती अपेक्षा पुरी होत नाही, कारण वाळू अडवायला आता ओंडके लागत नाहीत. किनारा सगळ्यांचा असं जाहीर करायचं आणि गाडी उभी करायचा परवाना फक्त गावकऱ्यांना द्यायचा. पायवाटेच्या तोंडाशी एक फाटक बसवायचं आणि त्यावर खासगी रस्त्याची पाटी लावायची. शेवटची बस संध्याकाळी पाचलाच सोडायची. न्यू जर्सीतल्या एव्हन-बाय-द-सी या गावानं बाहेरून येणाऱ्यांकडून किनाऱ्याचं शुल्क जास्त घ्यायला सुरुवात केली तेव्हा शेजारचं गाव न्यायालयात गेलं, आणि १९७२ मध्ये निकाल लागला की शुल्क घ्यायचं तर सर्वांना सारखं. पंक्तिप्रपंच चालणार नाही. कनेक्टिकटमधल्या ग्रिनिच या अतिश्रीमंत गावात तर किनाऱ्यावरच्या उद्यानात गावकरी आणि त्यांचे पाहुणे यांनाच प्रवेश होता. कायद्याच्या एका विद्यार्थ्याला तिथे पळण्याचा व्यायाम करायचा होता. तो शेजारच्या गावचा म्हणून दारातूनच परत पाठवला गेला. त्यानं लढा दिला आणि २००१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. दार उघडलं खरं, पण बाहेरच्यांना शुल्क लावूनच.

युरोपात अडवणुकीचं हत्यार म्हणजे आरामखुर्च्या. किनारा सरकारी असतो, पण त्याचा तुकडा मक्त्यानं दिला जातो. मक्तेदार छत्र्या आणि खुर्च्यांच्या रांगा मांडतो, आणि पाहता पाहता चटई टाकायलाही जागा उरत नाही. इटलीत हे मक्ते वर्षानुवर्षं आपोआप वाढवून मिळत. ते तसे वाढवता येणार नाहीत, खुली निवड करावी लागेल, असं युरोपीय न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा बजावलं. त्याच उन्हाळ्यात ग्रीसच्या पारोस बेटावर रहिवासी आपापले टॉवेल घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि परवानगीपेक्षा जास्त जागा बळकावणाऱ्या खुर्च्यांविरुद्ध त्यांनी मोर्चे काढले. ती चळवळ इतर बेटांवर पसरली आणि पुढच्या वर्षी सरकारला नियम कडक करावे लागले. हातात टॉवेल, मागणी एकच, आमच्या वाळूवर आम्हाला पाठ टेकू द्या. इतकी साधी मागणी रस्त्यावर येऊन करावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं.

या बाबतीत फ्रान्सनं नियम नेमका केला आहे. १९८६ च्या किनारा कायद्यानं समुद्राकाठच्या पुळणीचा मूळ उपयोग लोकांचा मुक्त वापर हाच ठरवला. २००६ च्या आदेशानं नैसर्गिक किनाऱ्याची ८० टक्के लांबी आणि ८० टक्के क्षेत्र मक्त्याबाहेर मोकळं ठेवणं बंधनकारक केलं. कॅलिफोर्नियाच्या १९७६ च्या किनारा कायद्यात तर आणखी एक गोष्ट आहे, जी जगभर उचलावी असं मला वाटतं. कमी खर्चाच्या मुक्कामाच्या आणि विरंगुळ्याच्या सोयी जपाव्यात, त्यांना उत्तेजन द्यावं आणि जमेल तिथे त्या नव्यानं पुरवाव्यात, असं त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. वाळू खुली ठेवली आणि आसपास परवडणारी खोलीच उरली नाही, तर लांबून आलेल्या कुटुंबाला त्या वाळूचा उपयोग काय? सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या कायद्यानं हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्राचा काठही सर्वांचा सामाईक मानला होता. दीड हजार वर्षांनी आपण तेच पुन्हा फाटकाफाटकाशी भांडून मिळवतो आहोत.

महाग गावाची दुसरी बाजू हंगाम संपल्यावर दिसते. खिडक्या बंद, बागेला कुलूप, रस्त्यात दिवे आहेत पण माणूस नाही. घरं बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेऊन ठेवलेली, आणि जो त्या गावात खोल्या झाडतो, ताटं वाढतो, होड्या दुरुस्त करतो, तो तासभर लांबून रोज येतो. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज् या देखण्या गावानं मे २०१६ मध्ये यावर मतदान घेतलं. ८० टक्क्यांहून जास्त मतं अशी पडली की नवं घर बांधायचं तर ते कायम राहणाऱ्यासाठीच असावं. निर्णय धाडसाचा होता, पण तो फक्त नव्या घरांना लागू होता, त्यामुळे सुट्टीवाल्यांची नजर जुन्या घरांवर जायला वाट मोकळीच राहिली. घरांचा प्रश्न एका गावाला एकट्यानं सुटणारा नाही. तरीही जिथे आपल्याला वाढणारा माणूस त्याच गावात राहू शकतो, तिथे आपण गावाचे पाहुणे असतो. तो राहू शकत नसेल, तर आपण राहतो ते नुसतं हंगामी बांधकाम.

आता साध्या गावांबद्दलचं कटू सत्य. त्यांतली कितीतरी आज वाईट अवस्थेत आहेत. ज्या ब्लॅकपूलचं मी वर कौतुक केलं, त्याच्या आठ वस्त्या इंग्लंडच्या २०१९ च्या वंचितता निर्देशांकात सर्वात मागासलेल्या पहिल्या दहांमध्ये होत्या. त्या यादीत पहिली होती जेविक, एसेक्सच्या किनाऱ्यावरची वस्ती, जी १९३० च्या दशकात लंडनच्या साध्या कुटुंबांना उन्हाळी घरं मिळावीत म्हणूनच उभारली गेली होती. २०२१ मध्ये इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांनी आपला वार्षिक अहवाल किनाऱ्यावरच्या गावांच्या आरोग्यालाच वाहिला होता. अशा गावात सुट्टीला जा म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. तुटके बाक, गंजलेले कठडे, रिकामी दुकानं. लहान मुलांना घेऊन आलेल्या आईला तिथे प्रसन्न वाटणार नाही.

पण ही अवस्था साधेपणामुळे आलेली नाही. स्वस्त विमानप्रवास सुरू झाला, पाहुणे उन्हाच्या देशांकडे गेले, आणि मागे राहिलेल्या गावांकडे सरकारांनी पाठ फिरवली. रिकामी पडलेली लॉज स्वस्त भाड्याच्या खोल्या झाल्या, आणि ज्यांना दुसरीकडे कुठे थारा नाही ती माणसं तिथे येऊन राहिली. उद्यानाला पाणी घालायचं बंद केलं तर ते वाळेल, म्हणून कुणी उद्यानालाच दोष देत नाही. साध्या गावात पैसा आणि आखणी दोन्ही घातली तर काय होतं, ते स्पेनच्या बेनिडॉर्ममध्ये पाहावं. मासेमारांच्या या गावानं १९५६ मध्ये नगरआराखडा केला आणि पुढे उंचच उंच इमारतींची वाट धरली. अभिरुचीसंपन्न लोक त्या इमारतींना नाकं मुरडतात, आणि दिसायला त्या सुंदर आहेत असं मीही म्हणणार नाही. पण माणसं उभ्यानं राहिल्यामुळे गाव कमी जमिनीत मावलं. खोलीतून निघून समुद्रापर्यंत चालत जाता येतं, गाडीची गरज पडत नाही. किनाऱ्यावर एकापुढे एक बंगले पसरले असते, तर तेवढ्याच पाहुण्यांना मैलोगणती किनारा लागला असता. स्पेनच्या १९८८ च्या किनारा कायद्यानं वाळू सार्वजनिक मालकीची राहिली, त्यामुळे त्या इमारतींच्या पायथ्याशी कुणीही जाऊन बसू शकतं. गर्दी आहे, गोंगाट आहे. पण निवृत्त बसचालकाला आणि त्याच्या बायकोला तिथे हिवाळ्यातही पंधरा दिवस परवडतात, आणि त्यामुळे गाव बाराही महिने जागं असतं.

उन्हाळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, हा मुद्दा मला सर्वात निकडीचा वाटतो. दिवसा जमीन लवकर तापते, पाणी सावकाश, म्हणून समुद्रावरून गार वारा आत येतो. किनाऱ्याचं हे सुख विजेविना आणि पैशाविना मिळतं. उष्णतेच्या लाटा वाढत चाललेल्या जगात पत्र्याच्या किंवा काँक्रीटच्या खोलीत तापलेल्या कुटुंबासाठी समुद्राकाठचा एक आठवडा ही तब्येतीची गरज आहे. त्या गार वाऱ्याची वाटणी हॉटेलच्या दरपत्रकावर सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. नगरपालिकेनं किनाऱ्यावर सावलीचे मांडव, पिण्याच्या पाण्याचे नळ, स्वच्छतागृहं आणि जीवरक्षक पुरवणं हे दवाखाना चालवण्याच्या तोडीचं काम आहे.

मग गाव निवडायचं कसं? मी हॉटेलचे फोटो पाहत नाही. रस्त्यापासून पाण्यापर्यंत पैसे न देता जाता येतं का, ते विचारतो. किनाऱ्यावर म्हाताऱ्या माणसाला फुकट बसता येईल असा बाक आणि सावली आहे का. स्टेशनवरून किंवा बसथांब्यावरून पायी पोचता येतं का, आणि परतीची गाडी अंधार पडल्यावरही आहे का. आंघोळीच्या पाण्याची तपासणी होते का, निकाल कुठे लावलेला असतो का. पाणी स्वच्छ असणं आणि गाव महाग असणं यांचा संबंध नाही. तो सांडपाण्याच्या व्यवस्थेशी आहे. आणि जीवरक्षक आहे की नाही, हे तर सगळ्यांत आधी. किनाऱ्यापासून आत ओढणारा प्रवाह भल्याभल्या पोहणाऱ्यांना दमवतो. त्यात सापडलं तर त्याच्याशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावं, हे मुलांना निघण्याआधीच शिकवावं.

आणि अनोळखी पोरांचा चेंडू? तो चटईवर येऊ द्यावा. आपली पोरं तो परत द्यायला उठतात आणि तासाभरानं दहा जणांचा किल्ला उभा राहतो. कुणाचे आईवडील काय करतात हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसतं. राखीव वाळूवर हे घडत नाही, कारण तिथे दहा पोरंच नसतात.

व्हिक्टोरिया राणीचा ऑस्बोर्नचा खासगी किनारा २०१२ मध्ये लोकांसाठी खुला झाला. जिथे राजघराण्यातली मुलं पोहायला शिकली, तिथे आता कुणाचीही मुलं पाण्यात उतरतात.

त्रूव्हिल-दोव्हिलचं स्टेशन नदीच्या दोव्हिलकडच्या काठावर आहे. बाहेर पडून पूल ओलांडला की त्रूव्हिल. मुक्काम तिथेच करावा. दोव्हिलचा तो फळ्यांचा रस्ता पाहायची इच्छा असेल तर संध्याकाळी नदीच्या मुखाकडून पलीकडे जावं. भरतीला तिथे छोटी होडी असते, ओहोटीला पायीच पार होता येतं. रस्त्याला तिकीट नाही. हवं तितकं फिरावं, खोल्यांवरची नावं वाचावीत, आणि चालत परतायचं असेल तर पाणी चढायच्या आत निघावं.